पेल्याखालची चामड्याची चकती

दिवाणखान्यांतील सागवानी मेजाला लाखेचें पॉलिश केलेलें असतें. त्यावर पाहुणा थंड सरबताचा पेला ठेवतो. पेल्याच्या बाहेरच्या अंगाला दंव सांठतें, तें ओघळून बुडाशीं येतें, आणि पेला उचलल्यावर मेजावर पांढरें कडें उमटलेलें दिसतें. लाखेच्या थरांत ओलावा शिरल्यानें पडलेलें हें कडें नुसत्या फडक्यानें पुसून जात नाहीं. तें टाळण्यासाठीं पेल्याखालीं जी चकती ठेवतात तिला इंग्रजींत कोस्टर म्हणतात. वस्तु लहानशीच, परंतु ती चामड्याची करून तिच्यावर हातानें वेलबुट्टी उठवावयाची म्हटलें, म्हणजे कारागिराची खरी परीक्षा होते. कारण ज्या पाण्यानें चामडें मऊ करून नक्षी काढावयाची, त्याच पाण्यापासून त्या नक्षीचें पुढें कायमचें रक्षण करावयाचें असतें.

पहिला प्रश्न चामड्याच्या निवडीचा. कातडें कमावण्याच्या मुख्य रीती दोन. एक झाडांच्या सालींची व फळांची. बाभळीची किंवा तरवडाची साल, सह्याद्रींतला हिरडा, यांच्या तुरट काढ्यांत कातडें कित्येक दिवस मुरवितात. कोल्हापुरी वहाणांचें चामडें परंपरेनें याच रीतीनें कमावलेलें असतें. त्या वहाणांना २०१९ सालीं महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांकरितां भौगोलिक मानांकन मिळालें. दुसरी रीत क्रोमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निघाली. तिनें काम फार लवकर होतें व चामडें मऊ, लवचिक निघतें. बुटाच्या वरच्या भागाला तें उत्तम. पण नक्षीच्या कामीं निरुपयोगी, कारण त्यावर ठसा मारला तरी तें उसळून पूर्ववत् होतें. सालीनें कमावलेलें चामडें मात्र ओलेपणीं घेतलेला आकार वाळल्यावरही सोडीत नाहीं. दुकानांत पारख करणें अवघड नाहीं. कापलेली कड आंतपर्यंत तपकिरी असेल तर चामडें सालीचें. मधोमध निळसर करडी छटा दिसली तर क्रोमचें. रंगरोगण न केलेल्या सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच मुरतो आणि तेवढी जागा काळवंडते. चकतीसाठीं ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा, बिनरंगी, निर्डाग तुकडा घ्यावा.

नवशिक्यांची फसगत बहुधा येथेंच होते. ओलें चामडें लोखंडी घमेल्यांत ठेवलें किंवा गंजक्या हत्यारानें कोरलें, कीं त्यावर निळे-काळे डाग पडतात आणि ते सहसा निघत नाहींत. जुन्या काळीं हिरडा व हिराकस एकत्र करून काळी शाई बनवीत. तोच प्रकार येथें नकळत घडतो. चामड्यांतील तुरट द्रव्याला लोखंड भेटलें कीं शाई तयार! म्हणून भांडें कांचेचें किंवा चिनी मातीचें असावें आणि हत्यारें गंज न चढणारीं असावीं.

नक्षीच्या आदल्या रात्रीं स्पंजानें चामड्याला सर्वत्र सारखें पाणी लावून तें झांकून ठेवितात. सकाळीं उघडल्यावर पृष्ठभागाचा मूळ रंग परतूं लागतो, पण गालाला लावलें तर तुकडा गार लागतो. हीच कामाची खरी वेळ. याहून ओलें असेल तर ठसा ठरत नाहीं. याहून कोरडें असेल तर सुरी अडखळते व ठसा फिका उमटतो. बोथट टोकाच्या लेखणीनें आकृति उतरवून घेतात. मग फिरत्या मानेच्या सुरीनें रेषा कोरतात. या सुरीवर तर्जनी टेकलेली असते आणि अंगठा व इतर बोटें तिला वळण देतात. छेद जाडीच्या अर्ध्यापलीकडे जातां कामा नये. नंतर तिरप्या तोंडाच्या ठशानें छेदाची एक बाजू दाबली कीं पाकळी आपोआप वर उचललेली दिसते. वस्तुतः पाकळी वर येत नाहीं. तिच्या भोंवतालची भूमि खालीं जाते. तळाला गुळगुळीत जाड फरशी आणि हातांत लांकडी मोगरी असावी. पेल्याखालच्या गोल जागेला गोल वेलच शोभते. अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांत शेरिडन येथील खोगीर करणाऱ्यांनीं रानगुलाबांची एकमेकींत गुंतलेली गोल वलयें रूढ केलीं, तीं या कामीं फार सोयीचीं पडतात. ठोकण्यानें चामडें पसरतें. म्हणून सुमारें १० सेंटिमीटर व्यासाची चकती नक्षी पूर्ण झाल्यावरच कापावी, आधीं नव्हे.

यापुढें घाई करणाराचें काम बिघडतें. चकती सावलींत पूर्ण एक दिवस वाळूं द्यावी. उन्हांत ठेवल्यास ती वांकडी होते. रंग पातळ हातानें, गोल गोल फिरवून, दोनतीनदां द्यावा. वाळल्यावर कोरड्या फडक्यानें इतका पुसावा कीं फडक्याला रंग लागणें थांबेल, नाहीं तर तो पुढें पाहुण्याच्या पेल्याला लागेल. कड काचकागदानें घासून, किंचित् ओली करून, डिंकाचें पातळ पाणी लावून गुळगुळीत लांकडानें जोरानें चोळावी. घर्षणानें तंतु मिटतात आणि कड आरशासारखी चमकूं लागते. उघडी कड ही पाणी शिरण्याची पहिली वाट. ती बंद झाली कीं अर्धें काम झालें.

वरच्या लेपाचा विचार अधिक बारकाईनें करावा लागतो. मधमाशांचें मेण पाणी अडवितें, पण सुमारें ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतें. गरम चहाच्या पेल्याखालीं तें मऊ होऊन चिकटूं लागतें. लाखेचा लेप दिला तर मेजाचीच कथा चकतीवर घडते. म्हणून ॲक्रिलिकचा पाण्याला दाद न देणारा लेप दोनतीन पातळ थरांनीं देणें बरें. पाठीमागें बुचाचा पातळ पत्रा चिकटवावा, म्हणजे मेजावर ओरखडा पडत नाहीं. आणि चुलीवरून उतरलेलें पातेलें हिच्यावर कधींही ठेवूं नये. सालीनें कमावलेलें चामडें ओलें असतांना ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आकसून कडक होतें, व मग नक्षी हातची जाते.

तयार चकतीवर थंड पाण्याचा भरलेला पेला तासभर ठेवून पाहावा. पेला उचलून फडक्यानें पुसल्यावर वर डाग नाहीं, खालीं ओल नाहीं, अशी चकतीच कोणाला भेट द्यावी.

शेवटीं एका गोष्टीचें स्मरण ठेवणें उचित होय. नक्षी करणाराच्या आधीं या चामड्याला दुसरे हात लागलेले असतात. बाभळीच्या सालींत दिवसेंदिवस उभें राहून कातडें कमावणाऱ्या त्या हातांना एके काळीं आपल्याच गांवांतल्या घरांचा उंबरठा बंद होता. त्यांनीं कमावलेलें चामडें मात्र वहाणेच्या, पखालीच्या, मोटेच्या रूपानें घरोघर चालत होतें. आज तेंच चामडें दिवाणखान्याच्या मेजावर मधोमध बसतें. पेला त्याच्यावर ठेवतांना नक्षीचें कौतुक अवश्य करावें. पण ज्यानें तिला भूमि दिली, त्या कमावणाराला विसरूं नये.