विद्या कुणाच्या कामी? जपानी सिनेमाच्या निमित्ताने
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवृत्तीनंतर मी जपानी सिनेमे पाहत बसतो हे संयोजकांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला. जपानी सिनेमा म्हटलं की कुणाला तलवारी आठवतात, कुणाला गॉडझिला, तर नातवंडांना ॲनिमे. प्रकार वेगळे, काळ वेगळे. पण मला त्यांतल्या बऱ्याच सिनेमांत एकच प्रश्न भेटतो: माणसाने कमावलेली विद्या शेवटी कुणाच्या कामी येते?

मूकपटांच्या काळात जपानात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट रंगवून सांगणारे 'बेन्शी' असत. आपल्या कीर्तनकारांसारखेच लोकप्रिय. बोलपट आले आणि त्यांची विद्या एकाएकी बिनकामाची झाली. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे थोरले बंधू बेन्शी होते.

याच कुरोसावांचा 'इकिरू' १९५२ चा. इकिरू म्हणजे जगणे. नगरपालिकेतला एक विभागप्रमुख, सुमारे तीस वर्षं कागदांवर शिक्के मारण्यात गेलेली. पोटाचा कर्करोग झाल्याचं कळतं. वस्तीतल्या बायका घाण पाण्याचं डबकं बुजवा म्हणून अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतात. तो अर्ज हा माणूस हाती घेतो. कार्यालयाच्या साऱ्या वाटा त्याला पाठ असतात. तेच ज्ञान वापरून तो तिथे मुलांसाठी बाग उभी करून घेतो. मी स्वतः नगरपालिकेत नोकरी केली आहे, त्यामुळे हा सिनेमा मला बसल्या जागी हलवून गेला. त्याच्या मृत्यूनंतर सहकारी दारूच्या भरात 'आपणही असंच काम करू' अशा शपथा घेतात. पुढे कार्यालयात सारं पूर्ववत!

दोन वर्षांनी आला 'सेव्हन सामुराई'. धनी नसलेले सात योद्धे निव्वळ जेवणाच्या बोलीवर एका गावाचं दरोडेखोरांपासून रक्षण करतात. शेतकरी स्वतः भरड धान्य खाऊन त्यांना भात वाढतात. शेवटी चौघे योद्धे मरतात आणि त्यांचा म्होरक्या म्हणतो की जिंकले ते शेतकरी. आपल्या 'शोले'वर याची सावली आहे, पण तिथे हा भात नाही.

त्याच १९५४ सालचा 'गोजिरा', म्हणजे आपला गॉडझिला. त्या मार्चमध्ये अमेरिकेच्या बिकिनी बेटावरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख जपानी मच्छीमारांच्या एका बोटीवर पडली होती. सिनेमातला शास्त्रज्ञ गोजिराला मारणारं अस्त्र शोधतो, पण ते उद्या सत्ताधाऱ्यांच्या हाती पडेल म्हणून टिपणं जाळतो आणि गुपितासकट समुद्राच्या तळाशी स्वतःलाही संपवतो. विद्या कुणाला द्यायची नाही, हेही ठरवावं लागतं.

गंमत म्हणजे 'इकिरू'तला कारकुनी साहेब, सामुराईंचा म्होरक्या आणि 'गोजिरा'तले वृद्ध प्राध्यापक, तिन्ही भूमिका ताकाशी शिमुरा या एकाच नटाच्या आहेत.

नातवंडांबरोबर पाहायचा असेल तर हायाओ मियाझाकींचा १९८९ चा 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' पाहा. तेरा वर्षांची चेटकीण घर सोडून परक्या शहरात येते. येतं काय, तर फक्त झाडूवरून उडायला. ती घरोघर सामान पोहोचवू लागते.

आणि २००८ चा 'डिपार्चर्स'. वाद्यवृंद बंद पडल्याने बेकार झालेला चेलोवादक गावी परततो आणि मृतदेहांची अखेरची तयारी करण्याचं काम स्वीकारतो. बायकोलाही ते अशुभ वाटतं. पण तो ज्या हळुवारपणे मृताचा चेहरा पुसतो, ते पाहताना घरच्यांच्या मनातल्या गाठी सुटतात. या सिनेमाला ऑस्कर मिळालं.

मित्रहो, आपल्यातले बहुतेक आता निवृत्त आहेत. कुणी हिशेब पाहिले, कुणी यंत्रं दुरुस्त केली, कुणी रुग्ण तपासले. बेन्शींची विद्या काळाने काढून घेतली. आपली अजून आपल्याजवळ आहे. दाराशी देणगीच्या पावतीपुस्तकाशेजारी मी एक कोरी वही ठेवली आहे. त्यात रक्कम लिहू नका. या शाळेतल्या मुलांना आपण काय शिकवू शकतो आणि महिन्यातला कोणता शनिवार देऊ शकतो, एवढंच लिहा. माझं नाव पहिल्या ओळीत आहे: अर्ज कसा लिहावा आणि त्याचा पाठपुरावा कसा करावा, पहिला शनिवार.