फोटोच्या पाठीवरची अक्षरे



कागदी फोटो उलटा केला की मागे स्टुडिओचा शिक्का, तारीख, कधी नावे सापडत. मोबाईलच्या फोटोलाही अशी पाठ असते. ती डोळ्यांना दिसत नाही एवढेच. या नोंदींना ‘एक्झिफ’ म्हणतात. ही पद्धत १९९५ साली जपानमध्ये ठरली. फोटो कधी व कोणत्या कॅमेऱ्याने काढला हे तीत असते; कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. घरात काढलेला मुलीचा मूळ फोटो परक्याच्या हाती गेला, की घराचा पत्ताही गेला!

२०१२ साली बेलिझचे पोलीस जॉन मॅकॅफी या संगणक-सुरक्षेतल्या नामांकित उद्योजकाला चौकशीसाठी शोधत होते. प्रसिद्ध झालेल्या एका फोटोतील अशाच नोंदीवरून तो ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. जाणत्याची ही गत, तर आपले काय? आंतरजातीय विवाह केलेली जोडपी, छळाला कंटाळून सासर सोडलेल्या भगिनी, गावचा अन्याय चव्हाट्यावर आणणारे कार्यकर्ते यांच्या तर हे जिवावर बेतू शकते.

म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ठिकाणाची नोंद गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने मूळ फाईल पाठवली तर ती राहते. आणि मागे दिसणारी इमारतीची पाटी कोणतेही सेटिंग पुसत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आता दुसरी बाजू. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आमच्या याच जिल्ह्यातला हा इतिहास. चळवळीत वावरलेल्या आमच्या आजा-आजींचे फोटो आजही ट्रंकेत पडून आहेत. १९५६ चा फोटो आज स्कॅन केला तर फाईल आजचीच तारीख सांगते. ओळखणारी माणसे गेली की आमच्या आया-आज्या ‘अनोळखी महिला’ ठरतील.

तेव्हा स्कॅन करताच फाईलला प्रसंग, गाव, साल असे नाव द्यावे. वर्णनाच्या रकान्यात माणसांची व छायाचित्रकाराची नावे मराठीत लिहावीत. संकेतस्थळावर फोटोखाली तीच ओळ द्यावी. कारण शोधयंत्र फोटोभोवतीचा मजकूरही वाचते, आणि त्यावरून शोधणाऱ्याला फोटो सापडतो. मूळ फाईल वेगळी जपावी, कारण पुढे पुढे पाठवताना नावेही गळतात.

ज्यांचा जीव जपायचा त्यांचा पत्ता झाकू या. ज्यांचा इतिहास जपायचा त्यांची नावे लिहू या. येत्या वर्षावासात वडीलधाऱ्यांजवळ बसून हे काम हाती घेऊ या, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!