अंगणातला वास आणि सुगंधी झाडं
(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षेपाने)



सचिव म्हणाले, काका, बँकेवर बोलू नका, झाडांवर बोला. ठीक आहे, झाडांवरच बोलतो. पण मागच्या सर्वसाधारण सभेत जो विषय अर्धवट राहिला, त्याच्याच अनुषंगाने बोलतो. तो विषय म्हणजे अंगणातल्या कुत्र्या-मांजरांचा वास.

१ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा झाला. अकोल्याहून बदलून आलेली नोकरदार मंडळी घरं शोधू लागली आणि त्यातून आपली सोसायटी उभी राहिली. तेव्हा अंगणात मुलांच्या सायकली पडलेल्या असायच्या. आता मुलं पुण्याला, हैदराबादला, आणि अंगणात कुत्रं. काही घरांत तर दिवसभरात बोलायला तेवढाच एक जीव आहे. "कुत्री काढा" असं सभेत कुणी म्हटलं तेव्हा दोन-तीन वयस्क चेहरे एकदम उतरले, ते मी पाहिले. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण परिपत्रक दाखवून शेजार टिकत नसतो. वास येतो ही तक्रार खरी आहे, तेव्हा वासाचंच काहीतरी केलं पाहिजे.

आमच्या शेजारच्या वहिनींनी केलं. त्यांची परवानगी घेऊन सांगतो. त्यांनी कंपाउंडच्या कडेने रातराणीच्या पाच कुंड्या लावल्या. झालं काय, की दुपारी मूत्राचा वास आणि रात्री मूत्र अधिक रातराणी. त्यांचंच डोकं दुखायला लागलं.

याचं कारण साधं आहे. मूत्रात युरिया असतो, त्याचा जिवाणू अमोनिया करतात, आणि ऊन जितकं जास्त तितका तो जास्त उडतो. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये भर दुपारी वासाचा कहर. रातराणी, मोगरा, निशिगंध यांचा सुगंध मात्र संध्याकाळनंतरचा. पारिजातक रात्री फुलतो आणि सकाळी सडा टाकून मोकळा होतो. दोघांची ड्युटीच वेगळी! शिवाय कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. आपल्याला मोगरा येतो, त्याला त्याची जुनी खूण येते, आणि तो पुन्हा तिथेच पाय वर करतो. बँकेत पीककर्जाचं "नवं-जुनं" करायचे, म्हणजे जुनी बाकी नव्या कर्जाने फेडायची. कागदावर खातं चोख आणि बाकी जिथल्या तिथे. नुसता सुगंध म्हणजे तसलंच नवं-जुनं.

आपल्या कारंज्याला कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगतात, बांधकामाच्या चुन्यातच म्हणे कस्तुरी कालवली होती. त्या सावकाराला परवडलं असेल. आपल्याला आधी बादली उचलावी लागेल.

कुत्र्याने केलं की लगेच वरून पाणी ओता. वाळल्यावर दहा बादल्या ओतण्यापेक्षा ओलं असताना एक बरी. एकबुर्जीचं पाणी जपून वापरायचं म्हणाल तर भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी किंवा आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला चालतं. आपली काळी माती भिजली की पाणी लवकर खाली सोडत नाही, म्हणून एका कोपऱ्यात वाळू-मुरूम टाकून कुत्र्याला तिथेच सवय लावा. वास मुरलेल्या फरशीवर पांढरा व्हिनेगर निम्मं पाणी घालून ओता.

आता हे नीट ऐका. चुना टाकू नका. शाळेत नवसागर आणि चुना एकत्र करून अमोनिया काढलेला आठवतो ना? तेच अंगणात होतं, वास वाढतो. मूत्रावर ब्लीचिंग पावडर टाकू नका, आणि ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा व्हिनेगर तर कधीच नाही, विषारी वायू निघतो. काळं फिनाईल मांजरांना बाधतं. विष्ठा रोज उचला, भाजीच्या खतात टाकू नका, त्यातून जंताची अंडी जातात. नातवंडं अनवाणी खेळतात.

एवढं केल्यावर झाडांचा खरा उपयोग. मोगरा लावा, तो उन्हाळ्यातच बहरतो आणि कुत्र्या-मांजरांना विषारी नाही. निशिगंधही चालेल. तुळस आहेच, पण उंच वृंदावनात. एका वृंदावनावरून दोन घरांचं बोलणं सहा महिने बंद होतं, नावं सांगत नाही. मोरीच्या पाण्यावर वाळा छान येतो, फक्त त्याचा सुगंध मुळात असतो, कूलरच्या ताट्यांसारखा, पानात नाही. कोणतंही झाड उंच कुंडीत किंवा विटांच्या कट्ट्यावर लावा, कारण मुळाशी रोज मूत्र पडलं की ते करपतं.

कण्हेर आपल्याकडे घरोघरी, कारण बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत. का लावत नाहीत, याचा विचार करा. ती विषारी आहे, कुत्र्याच्या पिल्लाने चघळली तर जिवावर बेतेल. रातराणीचं फळ-पानही विषारी. मांजर असेल त्या घरी लिली नको, तिच्याने मांजराची किडनी निकामी होते, अगदी परागकण चाटूनसुद्धा.

वहिनींनी रातराणी काढली, वाळूचा कोपरा केला, आणि कुंड्यांत मोगरा लावला. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या फाटकाशी उभं राहून मी मुद्दाम भर दुपारी वास घेतला. अगदीच येत नाही असं म्हणणार नाही, पण नाकाला रुमाल लावावा लागला नाही. सभेत सर्वांत मोठ्याने बोलणारे गृहस्थ आता संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेतात, कुत्रं पायाशी.

माझा मोगरा यंदा फार माजलाय. फांद्या छाटणारच आहे, पावसाळ्यात लगेच मूळ धरतात. ज्यांना पाहिजे त्यांनी रविवारी सकाळी आठच्या आत पिशवी घेऊन यावं. आठनंतर मी झोपाळ्यावर पेपर वाचत असतो, तेव्हा उठणार नाही.