पंतोजी, गुरुजी, सर

शाळेत शिकविणाऱ्या माणसाला हाक कशी मारावी, याचे उत्तर मराठी मुलखात गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. पंतोजी गेले आणि मास्तर आले; मास्तरांचे गुरुजी झाले; आणि आता खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही ‘सर’ ही हाक रुळली आहे. शिक्षिकेला मात्र पुष्कळ काळ ‘बाई’ हेच संबोधन पुरले; तिची ‘मॅडम’ अलीकडची. या हाका कुणाच्या लहरीखातर बदलल्या नाहीत. प्रत्येक हाकेबरोबर शाळेत येणारा माणूस निराळ्या घरातून आलेला होता, आणि त्याची भाकरीही निराळ्या हातातून येत होती.

पंतोजींची शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, नाहीतर देवळात भरे. धूळपाटी, मोडी अक्षर आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाठांतर, एवढा अभ्यासक्रम. मोबदला पालकांकडून धान्याच्या अथवा थोड्याफार पैशांच्या रूपाने मिळे. पंतोजींना पदवी नव्हती, परीक्षा नव्हती, वरिष्ठही नव्हता. त्यांच्या छडीच्या कथा रंगवून सांगण्याची आपल्याकडे मोठी हौस. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलाला साडेतीनपटीचा हिशेब तोंडी येत असे, हेही सांगितले पाहिजे. आणि गावातील बहुसंख्य मुलांना व जवळजवळ साऱ्या मुलींना त्या ओसरीवर जागा नव्हती, हे तर त्याआधी सांगितले पाहिजे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा कोणी शिकावे या प्रश्नाला तोंड फुटले. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता, कोणी शिकवावे हा. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी तो उघड मांडला. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, तो शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून यावा, नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, आणि त्याला दरमहा निदान बारा रुपये मिळावेत, असे त्यांचे म्हणणे होते. वेतनाचा आकडा आणि वाकस एकाच निवेदनात यावेत, यात फार मोठी समज होती. ज्याला मुलांच्या घरातील अवजार माहीत नाही त्याचे शिकविणे परके राहते, आणि ज्याला पोटापुरते मिळत नाही तो पहिली संधी मिळताच शाळा सोडतो.

त्याच दशकात पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीची पदवीधर मंडळी अल्प वेतनावर शिकवीत होती. तो त्याग खराच होता. पण पदवीधराने पत्करलेले दारिद्र्य आणि खेड्यातल्या मास्तराच्या वाट्याला आलेले दारिद्र्य, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषणांतून त्यांची नेहमी गल्लत होते, आणि वेतनवाढ मागणाऱ्या शिक्षकाला त्यागाची आठवण करून दिली जाते.

जोतीरावांची मागणी फळास यायला अर्धे शतक लागले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1935 मध्ये साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय सुरू केले. पुढे शेतकऱ्यांच्या घरची मुले शिक्षक होऊन खेडोपाडी गेली. सुगीच्या दिवसांत वर्ग का ओस पडतो, हे या गुरुजींना कोणी समजावून सांगावे लागले नाही. गावात आलेले पत्र वाचून दाखविणारा तोच, अर्ज लिहिणाराही तोच. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. नोकरीला स्थैर्य आले, बदल्याही आल्या, आणि बदल्यांमागून राजकारण आले.

त्यानंतरची पिढी पुन्हा निराळ्या दाराने आत आली. 2000 साली शिक्षणसेवक योजना निघाली. उमेदीची पहिली तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढायची, असा नियम झाला. पुढे 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू होणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले. नंतर तडजोडी होत राहिल्या; तथापि एकाच खोलीत, एकाच फळ्यावर शिकविणाऱ्या दोघांचे म्हातारपण एका तारखेने वेगळे केले, हे खरे. 2013 पासून महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षाही आली. तिला तरुण सरावले. मग 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अल्पसंख्याक संस्था वगळता, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी. वीस-पंचवीस वर्षे इतरांचे पेपर तपासणाऱ्यांच्या हाती पुन्हा उत्तरपत्रिका आली.

या निकालाचा अर्थ एखाद्या दोनशिक्षकी शाळेत जाऊन पाहावा. चार इयत्ता, दोन खोल्या. पन्नाशीच्या गुरुजींना ठाऊक असते की पहिलीतील मुलाला चौथीच्या मुलीशेजारी बसविले की दोघेही शिकतात, आणि रडणाऱ्या पोराला आधी पाणी द्यावे, पाटी मग. हे कोणत्याही परीक्षेत विचारीत नाहीत. शेजारच्या खोलीतील तरुण सरांना अध्यापनशास्त्राच्या प्रश्नांचा नमुना पाठ असतो, मोबाईलवर जुन्या प्रश्नपत्रिका असतात. पण चार इयत्ता एकाच वेळी कामाला लावताना अजून त्यांची तारांबळ उडते. शाळा सुटल्यावर मुले घरी जातात. मग गुरुजी पुस्तक काढतात आणि सर शेजारी बसून त्यांना बालमानसशास्त्राचे पर्याय समजावून देतात. आणि उद्या सकाळी चौथीला भागाकार देऊन पहिलीकडे कसे वळावे, हे मधूनच गुरुजी सरांना सांगतात.