काळारामाच्या चार दरवाजांवर



तुम्ही मुक्त विद्यापीठाचे पदवीधर. नोकरी, शेती, घर सांभाळून शिकलात. पुस्तकातलं जगण्यात आणताना काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अशाच, पुस्तकातून जगण्यात उतरलेल्या एका विचाराची ही गोष्ट.

सत्ता राजाला देवाने दिलेली नाही, धर्मावरही प्रश्न विचारता येतात, हे अठराव्या शतकात युरोपातल्या विचारवंतांनी मांडलं. व्होल्तेर, रूसो तुम्ही परीक्षेपुरते वाचलेच असतील. मला जवळचा वाटतो टॉमस पेन. त्याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा पहिला भाग १७९१ साली निघाला आणि १८४७च्या सुमारास विशीतल्या जोतीराव फुल्यांनी तो ग्रंथ पुण्यात वाचला. पेन म्हणतो, सनद देऊन कुणी हक्क देत नसतं. हक्क माणसाचे जन्मतःच असतात, सनद उलट बाकीच्यांचे काढून घेते. युरोपात भांडण राजाशी आणि चर्चशी होतं. आपल्याकडे जातही होती. तिला सिंहासन नव्हतं, पोप नव्हता, ती घराघरांत बसलेली होती. म्हणून जोतीरावांचं काम पेनपेक्षा अवघड होतं, असं माझं मत आहे. १८७३ साली त्यांची ‘गुलामगिरी’ निघाली आणि त्यांचा सत्यशोधक समाजही उभा राहिला.

पुढचा अध्याय आपल्या पंचवटीतला. मार्च १९३०. गांधीजी दांडीला निघण्याच्या दहा दिवस आधी, २ तारखेला, नाशकात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक निघाली. लगेच, अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून, काळाराम मंदिराच्या चारही दरवाजांवर स्त्री-पुरुष सत्याग्रही बसले. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड या लढ्याचे कणा होते. तो काही वर्षं चालला, दरवाजे मात्र उघडले नाहीत.

मग हा लढा हरला का? ३ मार्च १९३४ला बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहिलं. आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा सुरू केला नव्हता, त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून केला, असा त्याचा आशय आहे. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ला, येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत कलम १७ने अस्पृश्यता संपवली, आणि सार्वजनिक हिंदू धर्मस्थळं सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार कलम २५ने सरकारला दिला.

सुरुवातीला सांगितलेल्या युरोपातल्या थोरांची पूजा मात्र बांधू नका. त्यांच्याही आधीचा, सहिष्णुतेवर लिहिणारा जॉन लॉक गुलामांच्या व्यापारात पैसे गुंतवून होता. रूसोला मुलींचं शिक्षण पुरुषाच्या सोयीपुरतंच हवं होतं.

एक काम सांगतो. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडच्या तुमच्यापैकी कुणाची पणजी काळारामाच्या त्या दरवाजांवर बसली असेल. पुढाऱ्यांची नावं इतिहासात आहेत, तिचं बहुधा नाही. घरी विचारा आणि लिहून काढा.