पाळी सुटल्यावर उघडं वाचनालय



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्व ग्रंथपालांचं आणि वाचनालयांच्या कार्यकर्त्यांचं उरवड्यात मनःपूर्वक स्वागत करतो. भातखाचरं आणि कारखाने शेजारी शेजारी असलेल्या या गावात ग्रंथालयांचा विचार करायला आपण आलात, याचं मोल आम्हाला फार आहे.

पुण्यात 1848 साली ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ सुरू झाली. तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. पुढे त्याच्या शाखा निघाल्या आणि पुस्तकं पेठांमधून उपनगरांत, घराजवळ गेली. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने खेड्यातल्या लहान वाचनालयांनाही मान्यतेची आणि अनुदानाची वाट मिळाली. या कायद्याने ग्रंथालय कर लावला नाही, अनुदानावरच भिस्त ठेवली. ते 2022 मध्ये साठ टक्क्यांनी वाढलं. तरी सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाच्या हाती काय पडतं, हे समोर बसलेल्यांना मी सांगायला नको. आपण तगलात ते जिद्दीवर.

आज मात्र मला बोलायचंय ते वाचनालयाच्या वेळेबद्दल. आमच्या भागातल्या कितीतरी घरांचा दिवस पाळीवर चालतो. पुणे परिसरातल्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. वाचनालय उघडतं तेव्हा वाचक मशिनवर आणि वाचक मोकळा होतो तेव्हा दाराला कुलूप! पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी काढून बघा. दोन शिक्के पडलेत, खाली सगळी कोरी. आपण म्हणतो, लोक वाचत नाहीत. मला हे पटत नाही. नियमातले तास तेवढेच ठेवा, पण संध्याकाळी उशिरापर्यंत न्या आणि गुरुवारी दिवसभर दार उघडं ठेवा.

यात बायकांचा विचार आधी व्हावा. जून 2021 मध्ये याच गावच्या एका कारखान्याला आग लागली. त्यात गेलेल्या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया होत्या; इथले कारखाने किती बायकांच्या हातांवर चालतात, हे त्यातून दिसलं. त्यांना या व्यासपीठावरून आदरांजली वाहतो. घर, शेत आणि कंपनी सांभाळणाऱ्या बाईला काउंटरवर ताटकळत ठेवू नका. तिचं पुस्तक वस्तीवर पोचवा, बचत गटाच्या बैठकीत देवघेव करा.

आणि एक कपाट आपल्या तालुक्याचं, मुळशीचं असू द्या. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली आमच्या मावळ्यांनी मुळशी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यावर विनायकराव भुस्कुटे यांनी लिहिलं, राजेंद्र व्होरांनी लिहिलं. ती पुस्तकं इथल्या पोरांना पुण्यात जाऊन शोधावी लागू नयेत. स्पर्धा परीक्षेच्या गाइडांशेजारी ती ठेवायलाच हवीत.

दुपारी आंबेमोहोराचा भात आणि पिठलं-भाकरी आहे. जेवणानंतरची चर्चा वाचनालयांच्या वेळापत्रकावरच ठेवली आहे. आपापल्या वाचनालयाचं देवघेव रजिस्टर ज्यांनी आणलंय, त्यांनी ते घेऊनच बसावं. आमच्या व्यवस्थेत काही उणं राहिलं तर हक्काने सांगा.