टपालापासून मोबाइलपर्यंत : घरी आलेले शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



दूरशिक्षण म्हणजे मोबाइलवरचे शिक्षण, अशी आज पुष्कळांची समजूत झाली आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, घरोघरी मुले फोनपुढे बसली आणि ही समजूत अधिकच पक्की झाली. वस्तुतः हे शिक्षण मोबाइलहून कितीतरी जुने आहे. त्याचा इतिहास थोडक्यात पाहिला, तर आपल्या मुलामुलींसाठी त्याचा उपयोग कसा करावा हेही आपणास उमजेल.

१८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले. त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने एखादा उतारा लघुलिपीत लिहून पाठवावयाचा आणि तो तपासून त्याला परत धाडावयाचा, अशी रीत होती. पुस्तक काय, कोणीही पाठवील. तपासलेला कागद परत येत होता, म्हणून विद्यार्थी शिकत होता. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. नोकरी करणाऱ्या तरुणाला आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रीला पदवीची वाट त्यामुळे मोकळी झाली. अडचण होती ती वेळेची. शंका आज लिहून पाठविली, तर उत्तर यावयास बरेच दिवस लागत.

पुढे दूरचित्रवाणी आली. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी, अशी त्यांची आखणी होती. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर होऊ लागले. टपालाला दिवस लागत, ते काम आता क्षणात होऊ लागले. परंतु पडद्यावरच्या शिक्षकाला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

ही उणीव मुक्त विद्यापीठांनी ओळखली. १९८२ साली हैदराबादला, १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी यांच्या नावाने आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने अशी विद्यापीठे निघाली. घरी वाचावयास पुस्तके, लिहून देण्यास स्वाध्याय आणि शंका विचारण्यास जवळचे अभ्यासकेंद्र, अशी सांगड त्यांनी घातली. १९९८ साली हैदराबाद येथे स्थापन झालेल्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने तर आपल्या कामाचा आरंभच दूरशिक्षणाने केला. स्त्रीशिक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे, हे त्याच्या उद्दिष्टांतच नमूद आहे.

२००४ साली खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ सुरू झाले आणि नामवंत प्राध्यापकांचे पाठ घरबसल्या मिळू लागले. आजचा मोबाइल टपालासारखा उत्तर आणतो आणि दूरचित्रवाणीसारखा तत्काळ पोचतो. तेव्हा सर्व अडचणी संपल्या, असे वाटणे साहजिक आहे.

पण पालकहो, २०२० मधील आपलेच घर आठवून पाहा. फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन. तो फोनही बहुधा अब्बांच्या किंवा थोरल्या भावाच्या खिशात, आणि ते कामाला बाहेर. मुलीची पाळी यावयाची रात्री, भांडी-धुणे आटोपल्यावर. तोवर तास संपलेला असे. घरात कोणाला वेळ द्यावयाचा आणि कोणाच्या हाती फोन द्यावयाचा, हे यंत्र ठरवीत नाही, आपण ठरवितो. कॉलेज लांब आहे म्हणून दहावीनंतर घरी बसलेली मुलगी, आणि लवकर गॅरेजला, दुकानाला किंवा आखातात कामाला लागलेला मुलगा, या दोघांसाठी ही वाट सर्वांत मोलाची आहे. शाळा अर्ध्यावर सुटली असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून एकेक विषय सोडवीत दहावी-बारावी पूर्ण करता येते. तेथील नोंदणी पाच वर्षे टिकते.

आता काही सूचना करतो. पहिली गोष्ट मान्यतेची. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. मात्र फी भरण्यापूर्वी, त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे काय, हे आयोगाच्या यादीत पाहावे. वैद्यकीय वा अभियांत्रिकी पदवी घरबसल्या देतो असे कोणी सांगू लागला, तर त्याच्या दारातूनच परत फिरावे.

दुसरी गोष्ट वेळेची. शिकणाऱ्या मुलीला दिवसातून दोन तास ठरवून द्या. त्या वेळात तिला पाण्याला किंवा पाहुण्यांच्या चहाला उठवू नका. शाळेत जाणाऱ्या मुलाला आपण मध्येच बोलावीत नाही, मग घरी शिकणारीला का बोलवावे?

विद्यार्थी मित्रहो, तिसरी गोष्ट तुमच्यासाठी. पाठ पाहिला म्हणजे अभ्यास झाला, असे समजू नका. वही उघडा, उत्तर स्वतः लिहा आणि ते जाणत्याकडून तपासून घ्या. पिटमन यांच्या विद्यार्थ्यांनी टपालाने जे केले, ते आजही टळलेले नाही.

शेवटी संस्थेला विनंती. आपल्या शाळेची इमारत रविवारी रिकामी असते. त्यातील एक खोली दूरशिक्षण घेणाऱ्यांसाठी उघडावी, तेथे वीज आणि इंटरनेट असावे, आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने बसून त्यांचे स्वाध्याय पाहावेत. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी. यास फार खर्च येणार नाही, आणि अर्ध्यावर सुटलेली काही मुले-मुली तरी पदवीपर्यंत पोचतील.